बाई, ह्ये मार्कांपुरतंच हाय का?

वाचकाचं पत्र :

कागल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी नववीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात ‘संयुक्त राष्ट्रे’ हा धडा घेत होते. सनद, सुरक्षा परिषद, आंतरराष्ट्रीय न्यायालय असं सगळं फळ्यावर लिहून झालं आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “बाई, मोबाइलवर रोज बॉम्ब पडताना दिसत्यात. मग ह्यांचं ऐकतंय कोण? ह्ये मार्कांपुरतंच हाय, का खरं हाय?” वर्ग हसला. मी “खाली बस, पुढचा परिच्छेद वाच” म्हणाले. मुलगा उद्धट नाही, अभ्यासातही बरा आहे. घरी सांगितलं तर हे म्हणाले, “बळी तो कान पिळी. एवढंच सांग आणि मोकळी हो.” मला ते सांगवत नाही, आणि पुस्तकातलं जसंच्या तसं सांगायला आता जीभ रेटत नाही. धडा अजून निम्मा शिल्लक आहे. कसा शिकवू?

उत्तर :

बाई,

कोल्हापूरच्या कोर्टात मी चाळीस वर्षं दिवाणी वकिली केली. तुमच्या त्या मुलाचा प्रश्न मला पक्षकारांनी कितीदा विचारला असेल याची गणती नाही. “वकीलसाहेब, निकाल आपल्या बाजूनं लागला, पण जमीन अजून त्याच्याच ताब्यात हाय. मग कोर्ट कशाला?” हे विचारणारा माणूस कोर्टाची टिंगल करत नसतो. त्याला दुखलेलं असतं. तुमच्या मुलालाही मोबाइलवर ते बघून काहीतरी दुखलं आहे, म्हणून तो उभा राहिला.

म्हणून सगळ्यात आधी एक करा. उद्या वर्गात गेल्यावर त्याला सांगा की तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तो टाळला. सगळ्यांसमोर सांगा, कारण हसू झालं तेही सगळ्यांसमोरच. धडा त्यानंतर उघडा.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते खोटं नाही, आणि ते वर्गात लपवूही नका. फक्त त्यांना आणि मुलांना एक आपल्याच मातीतली गोष्ट सांगा. 1731 साली वारणेचा तह झाला. सातारचे शाहू महाराज लढाईत वरचढ ठरले होते, कोल्हापूरचे संभाजीराजे हरले होते. कान पिळायची संधी चालून आली होती. तरीही शाहूंनी तह केला, कोल्हापूरचं राज्य वेगळं मानलं आणि वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहू दिला. जिंकलेल्याला तह का करावासा वाटला, हे मुलांना विचारा. शेतकऱ्याच्या पोरांना उत्तर सुचेल. बांधावरचं भांडण जिंकणाऱ्यालासुद्धा रोज रात्री काठी घेऊन बांधावर बसता येत नाही. त्यालाही कुठंतरी लिहून ठेवलेलं लागतं. देशादेशांमधला कायदा मुळात असाच जन्माला आला आहे, बळी आणि दुबळे या दोघांच्या गरजेतून.

पुस्तकातला हा धडा मला अडचणीचा वाटतो तो इथं. तो वाचून मुलांना वाटतं की जगाच्या डोक्यावर एक सरकार बसलं आहे, त्याचं एक कोर्ट आहे आणि ते सगळ्यांना हुकूम सोडतं. तसं काही नाही. मग मोबाइल उघडला की सरकार कुठंच दिसत नाही, आणि मूल म्हणतं धडा खोटा. तुम्ही धडा दुसऱ्या टोकाकडून सुरू करा, तुमच्या गावच्या उसापासून.

दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरच्या मुलांना एफआरपी, म्हणजे उसाला सरकारनं बांधून दिलेला किमान दर, काय हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिली उचल किती, कारखान्यानं किती थकवली, हे घरातलं बोलणं आहे. पण त्या एफआरपीवर जिनिव्हात खटला चालला, हे त्यांतल्या किती जणांना माहीत आहे? 2019 साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे तीन देश जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की भारत सरकार उसाला जो किमान दर बांधून देतं आणि साखर निर्यातीला जी मदत करतं, ती करारात ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर आहे. मर्यादा होती उत्पादनाच्या मूल्याच्या 10 टक्के. आपल्या बाजूनं युक्तिवाद झाला की एफआरपीचा पैसा सरकारी तिजोरीतून जात नाही, तो कारखाने देतात, मग ती सरकारी मदत कशी? पंच मंडळानं ते मानलं नाही. दर सरकारनं कायद्यानं बांधला, एवढं त्यांना पुरेसं होतं. 14 डिसेंबर 2021 रोजी निकाल भारताविरुद्ध गेला.

आणि पुढचं ऐकल्यावर तो मागच्या बाकावरचा मुलगा ताठ बसेल. त्यावर भारतानं अपील केलं. पण त्या अपील मंडळावर सात सदस्य असायला हवेत, एका अपिलाला किमान तीन लागतात, आणि अमेरिकेनं वर्षानुवर्षं नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळं डिसेंबर 2019 पासून ते मंडळ बंदच पडलं होतं. म्हणजे अपील दाखल करून घेतात, पण ऐकायला न्यायाधीश नाही. अशानं खालचा निकालही अंमलात येत नाही. आपली एफआरपी शाबूत राहिली.

शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मला त्या दिवशी बरं वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. वकील म्हणून मात्र काळजी वाटली आणि अजून वाटते. आज कोर्ट बंद आहे म्हणून आपण वाचलो. उद्या एखाद्या बड्या देशानं आपल्या मालावर मनाला येईल तसा कर लावला, तर दाद मागायला आपण त्याच बंद दाराशी उभे राहणार. मुलांना हे दोन्ही सांगा. त्यांच्या बापाच्या उसाच्या बिलाशी ज्याचा संबंध आहे, तो कायदा मार्कांपुरता नाही एवढं त्यांना इथंच कळेल, आणि तो किती अर्धवट उभा आहे हेही.

आता हेगच्या न्यायालयाकडे, म्हणजे तुम्ही फळ्यावर लिहिलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे येऊ. आपल्याकडे खंडपीठासाठी वकिलांनी आणि सामान्य लोकांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ लढा दिला, तेव्हा कुठं 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. का लढलो? कोर्ट लांब असलं की न्याय महाग होतो म्हणून. हेगचं कोर्ट मैलांनी तर लांब आहेच, पण त्याची खरी अडचण अंतराची नाही. आपल्या कोर्टात समन्स लागलं की प्रतिवादीला यावंच लागतं, नाही आला तर एकतर्फी निकाल होतो. हेगला एखाद्या देशाला खेचायचं, तर त्या देशानं आधी कधीतरी, कुठल्यातरी कागदावर, “हे कोर्ट मला मान्य” असं लिहून दिलेलं लागतं. 15 न्यायाधीश आहेत, नऊ वर्षांची मुदत आहे, सगळा डामडौल आहे, पण निकाल बजावून घेणारा बेलीफ नाही.

आणि निकालानंतर अंमलबजावणीची दरखास्त करायची ती कुणाकडे? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणं सुरक्षा परिषदेकडे. तिथं पाच कायम सदस्य देशांच्या हातात नकाराधिकार. 1986 साली निकाराग्वासारख्या चिमुकल्या देशानं हेगमध्ये अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला. बंडखोरांना शस्त्रं पुरवणं आणि बंदरांत सुरुंग पेरणं बेकायदा ठरलं. अमेरिकेनं निकाल मानला नाही. निकाराग्वा सुरक्षा परिषदेत गेला, अमेरिकेनं नकाराधिकार वापरला. मार्च 2022 मध्ये न्यायालयानं 13 विरुद्ध 2 मतांनी रशियाला युक्रेनमधली लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं. युद्ध थांबलं नाही. जानेवारी 2024 मध्ये गाझाबाबत इस्रायलला तातडीचे आदेश झाले, त्यानंतरही माणसं मरत राहिली. तुमच्या मुलानं मोबाइलवर जे पाहिलं ते हेच. हे सांगताना आवाज खाली आणू नका.

(त्या 2022 च्या आदेशातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 141 देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं तेव्हा भारत सरकार तटस्थ राहिलं होतं. दोनच आठवड्यांनी हेगमध्ये भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी यांनी बहुमताच्या बाजूनं, रशियाला थांबायला सांगणाऱ्या बाजूनं मत दिलं. न्यायाधीश आपल्या सरकारचा वकील नसतो, हे मुलांना दाखवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.)

मग बेलीफ नसलेलं हे कोर्ट करतं तरी काय? इथं सांगलीकडे बोट दाखवा. कुलभूषण जाधव सांगलीत जन्मलेले. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं त्यांना एप्रिल 2017 मध्ये फाशी सुनावली. भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांची भेट घेऊ दिली नव्हती. 1963 च्या व्हिएन्ना करारात हा भेटीचा हक्क लिहिलेला आहे आणि त्या कराराखालचे वाद हेगला न्यायचे, हे दोन्ही देशांनी मान्य केलं होतं. त्या एका सहीच्या जोरावर भारत 8 मे 2017 ला हेगला गेला आणि दहाच दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 असा निकाल आला की पाकिस्ताननं करार मोडला, शिक्षेचा नीट फेरविचार करावा. सोडून द्या असं मात्र न्यायालय म्हणालं नाही, ते त्याच्या हातातच नव्हतं. त्यांची सुटका त्या निकालानं झाली नाही. पण फाशीचा दोर थांबला. हरीश साळवेंनी त्या खटल्याची फी एक रुपया घेतली, हे मुलांच्या लक्षात राहील, पण तुम्ही त्यांच्या लक्षात ती 1963 च्या कराराखालची सही राहील असं बघा.

आणि बलवान देश कधीच ऐकत नाहीत असंही नाही. बंगालच्या उपसागरातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटर समुद्रावर आपलं आणि बांगलादेशचं भांडण होतं. जुलै 2014 मध्ये लवादानं त्यातला 19,467 चौरस किलोमीटर बांगलादेशला दिला. भारत कितीतरी मोठा, आरमार मोठं, तरी आपण निकाल मुकाट मानला. दोन वर्षांनी दक्षिण चीन समुद्रावर फिलिपिन्सच्या बाजूनं असाच निकाल लागला, तर चीननं तो धुडकावला. मला विचाराल तर बांगलादेशच्या त्या निकालाचा मला सार्थ अभिमान वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकात तो एखाद्या विजयासारखा छापायला हवा.

आपल्या बाजूची अवघड गोष्टही टाळू नका. वर्गात कुणीतरी गोव्याचं विचारेलच, गोवा आपल्या दाराशी आहे. क्रमानं सांगा. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये स्वयंसेवकांनी दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवली. त्यात सुधीर फडके होते, कोल्हापुरात जन्मलेले बाबूजी. पोर्तुगाल डिसेंबर 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठच दिवसांत त्यानं भारताला हेगला खेचलं. म्हणणं काय, तर आमच्या त्या मुलखात जायची आमची पूर्वापार वाट आहे, ती भारतानं अडवली. बांधावरच्या वहिवाटीचा दावाच की हा! मोतीलाल सेटलवाड भारताकडून उभे राहिले. एप्रिल 1960 मध्ये निकाल आला : सामान्य माणसांना आणि मालाला ये-जा करायची वहिवाट पोर्तुगालची खरी, पण सैन्य आणि शस्त्रं न्यायची नाही, आणि 1954 मध्ये भारतानं वाट अडवली यात चूक नाही. पुढं 1961 मध्ये हा मुलूख भारतात घेताना काय केलं माहीत आहे? एका भारतीय अधिकाऱ्याला तिथला एका दिवसाचा पंतप्रधान केलं आणि त्याच्या सहीनं विलीनीकरणाचा करार केला. मुलूख हातात होता, विरोधाला कुणी नव्हतं, तरी कागद केला. मुलांना ही गोष्ट सांगून पुन्हा वारणेच्या तहाकडे या. त्यांना आपोआप जुळवता येईल.

त्याच वर्षी डिसेंबरात मात्र आपण गोव्यात सैन्य घातलं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्ताननं सुरक्षा परिषदेत ठराव आणला, सात मतं आपल्याविरुद्ध पडली, आणि सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारानं आपण सुटलो. गोवा मुक्त झाला हे शंभर टक्के योग्य झालं असं मी मानतो. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता वाटाघाटीला तयारच नव्हती, आणि वसाहती संपवायच्या असा आमसभेचा ठराव वर्षभरापूर्वीच, डिसेंबर 1960 मध्ये झाला होता. पण ज्या नकाराधिकाराला आपण आज नावं ठेवतो, त्याच्याच आडोशाला आपण एकदा उभे होतो, हे नववीच्या मुलाला कळलं तर बिघडत नाही. उलट त्याचा तुमच्यावरचा विश्वास वाढेल.

एवढं झालं की मुलांना वर्गाबाहेर काढा. एसटी करून कोल्हापूरला आणा आणि महावीर उद्यानातला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ दाखवा. मग वळिवड्याला न्या. 1943 ते 1948 या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. ही माणसं युरोपातून पंचगंगेच्या काठी कशी आली? पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यात 1932 चा अनाक्रमण करार होता. तो मोडून 17 सप्टेंबर 1939 ला रशियन फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. पश्चिमेकडून हिटलर आधीच आला होता. पूर्वेकडच्या लाखो माणसांना उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा रशियाला मित्र हवे झाले, लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांना सुटका मिळाली. इराणमार्गे, अर्धी उपाशी, आप्तांना वाटेत पुरून ती माणसं इथवर पोचली. एक कागद फाडला म्हणून घर गेलं, दुसरा कागद झाला म्हणून जीव वाचला. 1945 मध्ये याल्टाला बड्यांनी सीमा पुन्हा आखल्या आणि यांची गावं रशियात गेली. युद्ध जिंकलेल्या बाजूला असूनही त्यातल्या पुष्कळांना परतायला घर उरलं नाही.

त्यांना कोल्हापूर संस्थानात आसरा मिळाला तेव्हा निर्वासितांचे हक्क सांगणारा आजचा करार अस्तित्वातच नव्हता. तो 1951 साली झाला, वळिवड्यासारख्या छावण्यांत जगानं जे पाहिलं त्याच्यानंतर. (भारतानं त्यावर अजून सही केलेली नाही, हेही सांगा.) ‘कुठल्याही देशानं दुसऱ्याच्या भूमीविरुद्ध बळ वापरू नये’ हे सनदेच्या दुसऱ्या कलमातलं वाक्य 1945 चं. ही वाक्यं आदर्श म्हणून कुणी हवेत लिहिलेली नाहीत. घरं जळाल्यावर, मुलं पुरल्यावर लिहिली आहेत. मला तुमच्या मुलाला हे सांगावंसं वाटतं की बाळा, तू मोबाइलवर बघून ‘हे चूक आहे’ म्हणालास, ते तू आज म्हणू शकतोस याला कारण ही वाक्यं आहेत. 1900 साली एका देशानं दुसऱ्यावर चाल केली तर तो राजांचा हक्कच मानला जायचा. आज करणाराही आधी ‘स्वसंरक्षण’ हा शब्द शोधतो, सनदेच्या 51 व्या कलमातला. चोर आता कबाला, म्हणजे मालकीचा कागद, दाखवायला लागला आहे. कबाला खोटा असेल, पण दाखवावा लागतो, आणि दाखवला की तो तपासता येतो.

पोलिश लोक गेले आणि फाळणीत सगळं सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्या छावणीत राहायला आली. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर त्यातूनच उभं राहिलं. मुलांना तिथल्या पेठेतून चालवत न्या. बहुतेकांच्या आयांनी तिथूनच साड्या घेतलेल्या असतील.

परीक्षेचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लिहू द्या, मुलांचे मार्क घालवू नका. पण शेवटच्या तासाला पुस्तक मिटून त्या मुलाला पुढं बोलवा आणि सनदेचं ते दुसऱ्या कलमातलं वाक्य मोठ्यानं वाचायला लावा. मग वर्गाला विचारा की हे वाक्य खोडून टाकलं तर जग बरं होईल की वाईट. हात वर करून मत घ्या. तुम्ही मत देऊ नका. जे बहुमत पडेल ते फळ्यावर लिहा आणि ज्यांची मतं कमी पडली त्यांना आधी बोलू द्या.

तो मुलगा काय म्हणाला ते मला जरूर कळवा. त्यालाच लिहू दिलं तर अधिक बरं, त्याच्या बोलीत.

आपला,
सदर लेखक